चौदा नंबरचा फोटो

धाकू ओल्या गवतात पालथा पडला होता आणि मी त्याच्या डोक्यावर माझी मोडक्या काडीची छत्री धरून उभा होतो. त्याच्या मानेवरून एक जळू वर चढत होती. मला ती चांगली दिसत होती. मी काही बोललो नाही.

"दगडू, झाकण दे," तो मान न वळवता म्हणाला.

मी त्याच्या जेवणाच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण त्याच्या हातात दिलं. त्यानं ते अळंबीच्या बुडाशी पाचोळ्यात तिरकं खोचलं. ढगांतून येणारा मळकट उजेड झाकणावर पडला आणि उलटून अळंबीच्या टोपीखाली गेला. टोपीखालच्या बारीक चुण्या एकदम उजळल्या. धाकू त्या चुण्यांना निऱ्या म्हणायचा, लुगड्याच्या निऱ्या असतात तशा.

"धर नीट. लेन्सावर थेंब पडतोय."

"धरलीय की. किती वेळ लावतोस?"

"वारा थांबू दे."

वारा थांबला. धाकूनं श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग उठून बसला, मानेवर हात गेला तशी जळू सापडली. त्यानं चंचीतली चिमूटभर तंबाखू तिच्यावर चोळून ती उपटून टाकली. रक्ताचा ओघळ कॉलरपर्यंत आला.

"तुला न्हाई ना लागली कुठं?" त्यानं माझ्या पोटऱ्यांकडं वाकून पाहिलं.

"न्हाई," मी म्हणालो.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. आम्ही दोघं तेव्हा घाटमाथ्यावरच्या फॉरेस्टच्या चौकीवर वनमजूर होतो. मी दगडू संकपाळ, खालच्या वाडीतला. तो धाकू ढेबे, वरच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगराच्या सपाट कातळमाथ्यावरच्या धनगरवस्तीतला. जंगलात फेरी घालायची, वणवा अडवायला मोकळे पट्टे काढायचे, साहेब आले की चहा करायचा, हे काम. मस्टरवर मी सही करायचो आणि धाकू अंगठा उठवायचा.

आधी मीही अंगठाच उठवत होतो. बेचाळिसाव्या वर्षी वाडीच्या शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला आणि मी त्यात जाऊन बसलो. वर्ग संध्याकाळचा आणि माझी फेरीही संध्याकाळचीच. दोन हिवाळे ती फेरी माझ्या जागी धाकूनं घातली. त्याला म्हटलं होतं, तूही चल, आळीपाळीनं जाऊ. तर म्हणाला, "मला कशाला? तू शिक. दोघातल्या एकाला आलं म्हंजी दोघांचं भागतंय."

तसं भागतही होतं. त्याची रेशनची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, पोरीच्या सासरचं पत्र, सगळं मीच वाचायचो. मी सावकाश वाचायचो, ओळीखाली बोट ठेवून. धाकू समोर बसून माझ्या बोटाकडं बघायचा.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला तालुक्याच्या कॉलेजातल्या आठल्येबाई चौकीवर आल्या. वनस्पती शिकवायच्या. त्यांना आमच्या जंगलातल्या अळंब्यांचं पुस्तक करायचं होतं. पण गुडघे दुखायचे आणि पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर सारख्या दरडी. म्हणून कॅमेरा त्यांनी आमच्याच हवाली केला. काळा, जड, पुढची कडी फिरवली की पुसट दिसणारं स्पष्ट व्हायचं. एका रोलात छत्तीस फोटो. अठरा माझे, अठरा धाकूचे. कुठला नंबर कुणाचा, कुठं काढला, काही शंका असली तर ती, हे सगळं मी वहीत लिहायचं. रोल आणि वहीचं पान मुलाणी कंडक्टरकडं द्यायचं. तो दुपारची एसटी घेऊन फाट्यावर यायचा. पंधरा दिवसांनी बाई त्याच्याच हाती धुतलेले फोटो पाठवणार, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर लाल पेननं लिहिणार, काय चुकलं, काय जमलं, पुढच्या वेळी काय करायचं.

जाताना बाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांतला सगळ्यात चांगला फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेऊ. खाली काढणाऱ्याचं नाव छापू."

धाकू हसला. "आमचं नाव कोन वाचतंय, बाई."

मी हसलो नाही. मस्टरवर, वहीवर, घराच्या दारावर कोळशानं मी माझं नाव लिहून पाहिलं होतं. छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मला तेवढी एकच गोष्ट हवी होती.

पहिला रोल आला तेव्हा चौकीच्या पडवीत बसून मी सगळे फोटो वाचले. माझ्या अठरापैकी बारांवर एकच शब्द होता, "पुसट." उरलेल्यांवर, "उभ्यानं घेऊ नका, बसा." "टोपीच दिसते, खालचा भाग दिसत नाही." एकावर माझाच बूट आला होता. बाईंनी त्याला बाण काढून लिहिलं होतं, "ही कोणती जात?"

धाकू पोट धरून हसला. "बूटअळंबी म्हनावं!"

मग त्याचे वाचले. "छान." "खालून घेतलात हे फार चांगलं." "धाकूदादा, तुमचा डोळा पक्का आहे."

मी हे सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. धाकू लाजला. कानाच्या पाळीला हात लावत म्हणाला, "पक्का म्हंजी?"

"म्हंजी चांगला."

"हं. मेंढरामागं फिरून झालाय, दुसरं काय."

पुढच्या पंधरवड्यात मी बसून फोटो काढले, गुडघे टेकून काढले, चिखलात कोपर रुतवून काढले. कडी फिरवताना डोळ्याला पाणी यायचं. मला चाळिशी लागली होती आणि चष्मा नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. धाकूला फिरवाफिरव करावी लागत नव्हती. तो अळंबी दिसली की आधी तिच्याभोवती फिरायचा, जागा हेरायचा आणि मग बैल बसतो तसा सावकाश आडवा व्हायचा. कधी कधी अर्धा तास तसाच पडून राहायचा, उजेडाची वाट बघत. डब्याच्या झाकणाची युक्ती त्याला त्याच पंधरवड्यात सुचली.

दुसऱ्या रोलात माझे पुसट फोटो कमी झाले होते. सातांवर "ठीक" होतं. आणि एकावर लिहिलं होतं, "संकपाळ, वहीतलं तुमचं अक्षर फार वळणदार आहे." फोटोबद्दल काहीच नव्हतं. परीक्षेत नापास झालेल्या पोराला मास्तरानं शर्ट छान आहे म्हणावं तसं मला वाटलं.

धाकूच्या एका फोटोची पाठ मात्र पूर्ण भरलेली. "हा उजेड खालून कसा आणलात? अप्रतिम. संकपाळ कळवतात की तुम्ही या भागाला निऱ्या म्हणता. किती नेमका शब्द! पुस्तकात हाच वापरते."

तो शब्द वहीत मीच लिहिला होता. लिहिताना मलाच तो आवडला होता.

"काय लिवलंय?" धाकू विचारत होता. "लई लिवलंय न्हवं?"

मी वाचून दाखवलं, पण शेवटची दोन वाक्यं गाळली. कशी गाळली ते मलाही कळलं नाही. बोट तिथं आलं आणि मी फोटो उलटा केला, एवढंच.

"बस?" धाकू म्हणाला. "एवढ्याच्यासाठी इतकं लिवलं?"

"बाईंचं अक्षर मोठं हाय."

त्याला पटलं. बाईंचं अक्षर मुंगीएवढं होतं.

एकदा गाळून पाहिल्यावर पुढचं सोपं झालं. तिसरा रोल आला तेव्हा धाकूच्या फोटोंवर "सुंदर" आणि "असंच खालून घेत राहा" असं लिहिलेलं होतं. मी बोट ओळीखाली फिरवलं आणि म्हणालो, "बाई म्हनत्यात, झाकणाचा उजेड खोटा वाटतो. तो नको."

धाकूचा चेहरा उतरला. "मागल्या बारीला तर चांगला म्हनल्या हुत्या."

"आता नको म्हनत्यात."

"आणि?"

"आणि खालून नको. वरून घ्या. टोपीची नक्षी दिसली पायजे."

त्यानं फोटो हातात घेतला, पाठीवरच्या लाल अक्षरांवर अंगठा फिरवला, जणू त्यातून काही हाताला लागेल. मग म्हणाला, "बाईंना जास्त कळतंय. वरून तर वरून."

एक सांगतो. नंबर बदलून त्याचे फोटो माझ्या नावावर लिहिणं मला सहज जमलं असतं. वही माझ्याच हातात होती. ते मी केलं नाही. त्या वेळी मला तो माझा मोठेपणा वाटायचा.

धाकू उभ्यानं फोटो काढू लागला. झाकण डब्यावर परत गेलं. एकदा उंबराच्या कुजक्या ओंडक्यावर शेंदरी रंगाच्या बारीक अळंब्यांची रांग लागली होती. धाकूनंच ती मला दाखवली. "तू घे," म्हणाला, "माझं काय हल्ली जमंना." मी घेतला. खालून, पोटावर पडून, झाकण लावून.

चौथ्या रोलात त्या फोटोवर बाईंनी लिहिलं, "संकपाळ, मोठी सुधारणा. हा मुखपृष्ठासाठी विचारात ठेवते."

मी तो फोटो खिशात घातला. फेरीवर असताना काढून वाचायचो. "विचारात ठेवते." घरी तानूला, माझ्या बायकोला, वाचून दाखवला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "धाकूभावजींचा न्हाई का ठेवला इचारात?" मी तसाच उठून बाहेर गेलो.

धाकूच्या फोटोंवर त्या वेळी बाईंनी लिहिलं होतं, "धाकूदादा, हे काय झालं? असे वरून का घेऊ लागलात? तब्येत बरी आहे ना?"

"काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं.

"ठीक हाय म्हनत्यात. चालू द्या."

"निसतं ठीक?"

"ठीक म्हंजी काय वाईट हाय का?"

 पाठीमागं हात बांधून तो पडवीच्या कडेला गेला आणि समोरच्या डोंगराकडं बघत उभा राहिला. त्याची ती पाठ मला आठवते.

श्रावणाच्या मध्यावर सड्यावरच्या गायरानात पांढऱ्या अळंब्यांचं मोठं रिंगण उगवलं. वरून पाहिलं तर वारुळावरच्या खायच्या अळंबीसारख्याच, मोठ्या टोपीच्या, मध्ये तपकिरी खवले. वस्तीतल्या बायका ती काढायला निघाल्या होत्या. धाकूनं त्यांना थांबवलं.

"हितं वारूळ न्हाई," तो मला म्हणाला. "वारुळाच्या अळंबीला खाली लांब मूळ असतंय. हिला न्हाई. आणि निऱ्या बघ."

मी वाकून पाहिलं. मला पांढऱ्याच दिसल्या. चष्म्याशिवाय सगळंच पांढरं दिसायचं.

"हिरवी झाक हाय," धाकू म्हणाला. "लई बारीक. थोराड झालेलीला हाय, कवळीला न्हाई. बाईंना इचारू. कॅमेरा दे. एवढा एकच खालून घेतो. रागावू नका म्हनावं."

तो कितीतरी दिवसांनी पुन्हा पालथा पडला. झाकण मागितलं नाही, स्वतःच डब्यावरून काढून घेतलं. ऊन क्षणभर ढगाबाहेर आलं होतं. त्यानं ते ऊन झाकणावर धरलं. बटण दाबलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे काही होतं ते मी महिनाभर पाहिलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं, "नंबर चौदा. धाकू ढेबे. सड्यावरचं गायरान. ही कोणती? खायची का?"

पाचवा रोल आठच दिवसांत आला. मुलाणी म्हणाला, "बाईंनी घाईनं दिलाय, आजच पोचवा म्हणाल्या." मी फाट्यावरच वडाखाली उभं राहून पाकीट उघडलं. चौदा नंबरचा फोटो सगळ्यांच्या वर होता.

तो फोटो मी अजून डोळे मिटून सांगू शकतो. आभाळाखाली एक पांढरा घुमट, आणि आतून उजळलेल्या निऱ्या, एकेक मोजावी अशा. त्यांच्यावर कोवळ्या पोपटी रंगाची पुसटशी छटा. माझा शेंदरी फोटो त्याच्यापुढं पोरखेळ होता. हे मला बाईंनी सांगायची गरज नव्हती.

मी तो उलटा केला. पहिली ओळ मोठ्या अक्षरात होती. बोट ठेवून वाचली. "धाकूदादा, या वर्षातला हा सर्वांत सुंदर फोटो. मुखपृष्ठावर हाच जाणार."

खाली बारीक अक्षरात आणखी पाच-सहा ओळी होत्या. माझे कान गरम झाले होते. मी त्या वाचल्या नाहीत. मनात म्हटलं, आणखी कौतुकच असणार.

चौकीवर धाकू वाट बघत होता. "त्याचं काय म्हनल्या? चौदाचं?"

मी फोटो काढला, बोट फिरवलं आणि म्हणालो, "नेहमीचीच अळंबी हाय म्हनत्यात. उगा रोल वाया घालवू नका."

"नेहमीची?"

"असं लिवलंय."

"आणि हिरवी झाक?"

"उजेडामुळं दिसती म्हनत्यात. झाकणाच्या."

धाकूनं फोटो मागितला. मी म्हणालो, "असू दे, सगळे एकत्र ठेवतो." आणि तो माझ्या वहीत घातला. इतर वेळी त्याचे फोटो तो पत्र्याच्या डब्यात घालून घरी न्यायचा. त्या दिवशी त्यानं मागण्याचा आग्रह धरला नाही.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "डोळं म्हातारं झालं."

दोन दिवसांनी दुपारी तो चौकीवर आला तेव्हा त्याच्या हातात चवईच्या, रानकेळीच्या पानात बांधलेलं पुडकं होतं. "घे. गायरानात परत उगवलीत, कवळी बघून काढली. आमच्याकडं आज हीच. वहिनीला दे, लसूण घालून करायला सांग."

मी पुडकं घेतलं. आत काहीतरी टोचलं, हे खोटं सांगत नाही. वहीतल्या त्या खालच्या ओळी आठवल्या. पण त्या वाचायच्या तर आधी ती पहिली ओळ पुन्हा डोळ्यांसमोर आली असती. मी पुडकं चौकीच्या खिडकीत ठेवलं आणि घरी जाताना तिथंच सोडलं. त्याच्या हातची अळंबी मला त्या दिवशी गोड लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू फेरीला आला नाही. असं कधी झालं नव्हतं. मी चौकीचं दार उघडलं आणि खिडकीतलं पुडकं दिसलं. पान सुटलं होतं. आतल्या अळंब्या रात्रीत उमलून पसरल्या होत्या आणि त्यांच्या निऱ्या हिरव्या झाल्या होत्या. चष्मा नसलेल्या माणसालाही दिसाव्यात अशा, शेवाळासारख्या.

मी वही काढली. दारात उजेडाला उभा राहिलो आणि खालच्या ओळी वाचायला सुरुवात केली. इतक्या सावकाश मी आयुष्यात काही वाचलेलं नाही. जोडाक्षरं हातातून निसटत होती. पुन्हा मागं जात होतो. "तुमची... शंका... अगदी..." शेवटची ओळ संपली तसा फोटो वहीत घातला आणि वही कमरेला खोचली. मी तसाच सड्याच्या वाटेनं पळत सुटलो.

धाकूच्या घरात वासच आधी आला. त्याची बायको गंगू अंथरुणावर आडवी पडली होती, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. रात्रभर उलट्या आणि जुलाब. तिनं जास्त खाल्ली होती. धाकू भिंतीला टेकून बसला होता, हातात पाण्याचा तांब्या, पण तोही पांढराफटक.

"दगडू, आलास? हिला खाली न्यायला पायजे रं."

वस्तीतल्या चौघांनी आणि मी वाकळेची डोली केली. पुढची काठी मी घेतली, ती फाट्यापर्यंत बदलू दिली नाही. धाकू मागून काठी टेकत चालत होता, थांबून ओकत होता, पुन्हा चालत होता. फाट्यावर मुलाणीची गाडी उभी होती. त्यानं लोकांना उठवून मागची बाकं मोकळी केली आणि गाडी मध्ये कुठं न थांबवता दवाखान्याच्या दारात नेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं दोघांनाही सलाईन लावलं. गंगूची नाडी धरून विचारलं, "काय खाल्लं?"

"अळंबी," धाकू म्हणाला.

"कुठली? अळंबीत पन्नास प्रकार असतात. कशी होती? कुणाला नाव माहितेय?"

वही माझ्या कमरेला खोचलेली होती. नाव माझ्याजवळ होतं, लाल शाईत लिहिलेलं. पहिली आणि शेवटची ओळ सोडून मधल्या ओळी मी तोंडानं सांगू शकलो असतो. तेवढ्या सांगून भागलंही असतं कदाचित. पण जोडाक्षरं असलेलं ते लांबलचक नाव मला उच्चारता येत नव्हतं, आणि गंगूचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. मी फोटो काढून डॉक्टरच्या हातात दिला.

डॉक्टरनं आधी चित्र पाहिलं. मग उलटून मोठ्यानं वाचलं. न अडखळता, एका दमात, आम्हाला कधी जमलं नसतं तसं.

"धाकूदादा, या वर्षातला हा सर्वांत सुंदर फोटो. मुखपृष्ठावर हाच जाणार. तुमची शंका अगदी बरोबर आहे. निऱ्यांची हिरवी झाक हीच याची खूण. ही वारुळाची अळंबी नव्हे, ही विषारी आहे. कोवळी असताना पांढरी दिसते म्हणून लोक फसतात." तिथं ते परकं नाव होतं, तेही त्यानं वाचलं. "खाऊ नका, वस्तीत सगळ्यांना सांगा. संकपाळ, हे धाकूदादांना आजच्या आज वाचून दाखवा."

डॉक्टर थांबला. फोटोवरची तारीख पाहिली. "चार दिवसांपूर्वीचं आहे हे. आणि तुम्ही जंगलातली माणसं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं हुतं," धाकू म्हणाला. तो माझ्याकडं बघत होता. "म्हनून तर इचारलं हुतं."

डॉक्टरला काही उमजलं नाही. "नाव कळलं हे बरं झालं. यानं सहसा जीव जात नाही, पण अंगातलं पाणी संपतं. वेळेत आणलंत," म्हणाला आणि सिस्टरला हाक मारत निघून गेला. फोटो खाटेवर राहिला. धाकूनं सलाईन नसलेल्या हातानं तो उचलला आणि उशीखाली ठेवला.

गंगूनं तिसऱ्या दिवशी पेज मागितली. पाचव्या दिवशी आम्ही परत निघालो. घाट चढताना ती पुढं, झुडपाला धरत धरत. मी धाकूच्या मागं.

"धाकू," मी म्हणालो. "मी..."

"पाय बघून टाक," तो म्हणाला. "निसरडं हाय."

त्यानंतर मी दोन-तीनदा सुरुवात केली. प्रत्येक वेळी त्याला काहीतरी काम आठवलं. पण फेरी आम्ही बरोबरच घातली. तंबाखूही त्यानं कधी एकट्यानं मळली नाही. एवढंच झालं, की एके दिवशी मी फाट्यावर गेलो तर वडाखाली मुलाणी आणि धाकू बसलेले दिसले. मध्ये तो पत्र्याचा डबा उघडा होता. मुलाणी एकेक फोटो उलटा करून वाचत होता आणि धाकू मान हलवत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी झाडाआड थांबलो.

"'तब्येत बरी आहे ना?'" मुलाणीनं वाचलं. "पुढं काही नाही."

"आधीचं परत वाचा. ते उजेडाचं," धाकू म्हणाला.

मी आल्या वाटेनं मागं फिरलो.

त्या दिवसानंतर त्यानं मला एकही कागद वाचायला दिला नाही. रेशनची चिठ्ठी मुलाणीकडं, पोरीचं पत्र मुलाणीकडं. दोन मैल चालत फाट्यावर जायचा, एसटी यायची वाट बघायचा, आणि वाचून झालं की परत चढून यायचा. चौकीत मी समोर बसलेला असायचो.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. मी चौकीच्या पडवीत कोयत्याला धार लावत होतो. धाकू आला, डोक्यावरचं घोंगडं झटकलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं. माझ्यासमोर ठेवलं. मुखपृष्ठावर तो पांढरा घुमट होता, आणि आतून उजळलेल्या त्या निऱ्या.

जवळजवळ वर्षानं तो माझ्यासमोर कागद ठेवत होता. मी हात लुंगीला पुसले.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?" त्यानं विचारलं.

पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं. मी बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं. "मुखपृष्ठावरील छायाचित्र, धाकू बाबू ढेबे."

"आणि तुझं?"

मी पानं उलटली. तो शेंदरी फोटो आत होता, छोटा. त्याच्याखाली माझं नाव होतं, छापलेलं. मी ते दाखवलं. मला वाटलं होतं त्यातलं काहीच वाटलं नाही.

धाकूनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं. मी जिथं बोट ठेवलं होतं तिथं स्वतःचा अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"बराबर," तो म्हणाला. "कंडक्टरनंबी तिथंच बोट ठेवलं हुतं."

मग त्यानं पुस्तक पिशवीत गुंडाळलं, घोंगड्यात घातलं आणि माझ्या शेजारी बसून चंची सोडली.